चार मिलीमीटर

खरं सांगतो, रिपोर्टमध्ये तीनचा आकडा मीच टाकला.

पिनची मान, म्हणजे मधला बारीक भाग, ड्रॉइंगमध्ये तीन मिलीमीटर होती. मामाने केली चार. "एवढीशी मान? पहिल्या झटक्याला तुटेल. परदेशात माल जातोय, नाक कापून घ्यायचंय का?" पिन कुठल्या मशीनला लागणार ते ती मागवणाऱ्या परदेशी स्टार्टअपवाल्यांनी सांगितलंच नव्हतं. गोपनीय म्हणे. प्रत्येक सुटा भाग वेगळ्या वर्कशॉपला दिलेला. बाकी सगळी मापं बरोबर होती, म्हणून मी मानेपुढे तीन लिहिलं आणि वीस सॅम्पल पाठवली. तिकडे रिपोर्ट बघूनच पास झाली. दोनशेची ऑर्डर आली. सहा महिन्यांत आमच्या वर्कशॉपला मिळालेलं पहिलं मोठं काम.

काल दुपारी खोके टेम्पोत चढत होते, तेवढ्यात त्यांचा व्हिडिओ कॉल आला.

"आज डेमो आहे, तुम्हीही बघा," बाई म्हणाली. कंपनी तिची आणि तिच्या सोबत्याची. खुर्च्यांवर पैसे गुंतवणारे चारजण बसलेले. मधे फांद्यांचा भुगा करायचं मशीन, त्याला दोन दातेरी रोलर.

मामा हात पुसत माझ्या खांद्यावरून वाकला. "तो खांब कोण रे?" सोबती खरंच दाराएवढा उंच होता. "आणि आपली पिन कुठाय?"

मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं. खांबाने रोलरच्या शाफ्टवर बोट ठेवलं. मामाची छाती फुगली. आमच्या लेथ मशीनचा आवाज तिकडे जात होता, म्हणून मी माइक बंद केला.

"रोलरमध्ये कपडा अडकला की ही पिन तुटते आणि रोलर जागीच थांबतो," बाई पाहुण्यांना सांगत होती. "आतापर्यंत पिना आम्हीच घासून बनवायचो. आजची नवीन, सॅम्पलमधली आहे. आणि चाचणीला हा नेहमी स्वतःचीच बाही देतो."

मी वळून मामाकडे बघितलं.

"काय म्हणतेय?" मामाने विचारलं.

"मामा, पिन तुटायलाच हवी होती."

"तुटायला? पिन कोण तुटायला बनवतं?" मग त्याचं त्यालाच कळलं. चेहरा उतरला.

मशीन सुरू झालं. मी पाच सेकंद गप्प बसलो. हो, बसलो. बोललो असतो तर ऑर्डर गेली असती आणि खोटा रिपोर्टही उघडा पडला असता. चारचीही तुटेल कदाचित, असं मनाला समजावत होतो. खांबाने जॅकेटची बाही पुढे केली.

"थांबा! थांबा!" मी ओरडलो. तिकडे कुणी वळूनही बघितलं नाही. माइक!

मी बटण दाबलं. तोवर मामाने फोनच हिसकावला. "ए खांबा! हात काढ! हात काढ म्हणतो ना!"

मराठीचं एक अक्षर येत नसलेला तो माणूस दोन पावलं मागे उडाला. बाईने मशीन बंद केलं.

मी सगळं सांगितलं. तिने विश्वास ठेवला नाही. जॅकेट एका जाड काठीला बांधलं आणि रोलरकडे ढकललं. बाही गेली, काठी कडकड करत गेली, कॉलर गेली. रोलर फिरतच राहिला.

"रिपोर्टमध्ये तीन आहे," बाई म्हणाली.

"मान चार आहे. मी मोजली होती."

मामा मला म्हणाला, "माझी चूक आहे म्हणून सांग तिला. आणि हेही विचार, पिन कशासाठी ते आधी का नाही सांगितलं?"

मी विचारलं. खांब जमिनीवर बसला होता, आपलंच कोपर घट्ट धरून. त्याच्याकडे बघतच बाई म्हणाली, "सांगायला हवं होतं. पण आकडा खोटा तुम्ही दिलात." कॉल कट.

बाहेर टेम्पोवाला हॉर्नवर हॉर्न मारत ओरडला, "मामा, निघू का नको?"

मामाने एकेक खोका स्वतः उतरवला. मला हात लावू दिला नाही.

संध्याकाळी मेल आला. ऑर्डर रद्द. कारण एका ओळीत. त्याखाली अजून एक ओळ होती: त्याचा हात शाबूत आहे, त्या ओरडणाऱ्या माणसाला सांगा.

मामाने ती माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. मग म्हणाला, "रिपोर्टचा कागद आण. आधी तो बरोबर करून पाठव."