आडव्या घड्यांची किटबॅग

मित्रांनो, मला ना चाकं आहेत, ना कप्पे, ना सर्रकन ओढायची चेन. मी एक जुनी किटबॅग आहे, आणि तीही साधीसुधी नाही बरं का, भारतीय नौदलातली! जाड पांढरा कॅनव्हास, उशीच्या लांबट खोळीसारखा आकार, तोंडाशी पितळी कड्या आणि त्यांतून ओवलेला दोर. एवढाच माझा थाट. पण या एवढ्याशा पोटात मी एका माणसाचा अख्खा संसार घेऊन समुद्रावर फिरले आहे.

माझा जन्म शिवणाच्या एका मोठ्या शेडमध्ये झाला. कापड इतकं राठ होतं, की मला शिवताना सुया मोडायच्या आणि शिंपी माझ्यावरच चिडायचा. जणू काही मीच मुद्दाम मोडत होते! देश स्वतंत्र होऊन वीसेक वर्षं झाली होती. नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रात मला एका किडकिडीत मुलाच्या हातात दिलं गेलं आणि त्यानं माझ्या अंगावर काळ्या रंगानं आपलं नाव रंगवलं. विद्याधर. तो होता झाशीचा. तिथल्या जुन्या मराठी घरातला. ज्या गावात समुद्र फक्त शाळेतल्या नकाशावर निळा दिसतो, त्या गावातून हा पोरगा खलाशी व्हायला आला होता!

जहाज किती मोठं असतं म्हणून सांगू! आणि त्यात खलाशाला मिळणारी जागा किती लहान! एकावर एक टांगलेल्या अरुंद झोपायच्या फळ्या, वरच्यानं कूस बदलली की खालच्याच्या नाकावर धूळ. सामानाला एक लोखंडी लॉकर, तुमच्या शाळेच्या बाकाखालच्या खणाहून थोडासाच मोठा. हँगर लावायला जागाच नाही. म्हणून नौदलात कपडे ठेवायची तऱ्हाच वेगळी. सदरे गुंडाळून त्यांच्या घट्ट सुरळ्या करायच्या. आणि ती खाली घेरदार असलेली पाटलोण आधी उलटी करायची, मग वरून खाली आडव्या घड्या घालत जायचं, कागदाच्या पंख्यासारख्या. घडी मिटली की अख्खी पाटलोण पुस्तकाएवढी! घातली की पायावर त्या आडव्या रेघा उठून दिसतात आणि तीच खलाशाची ऐट. सामान लॉकरमध्ये गेलं की माझीही सुरळी करून मला कोपऱ्यात खोचत. मला त्याचा राग नव्हता. जहाजावर कुणीच पाय पसरून राहत नाही.

विद्याधरच्या घड्या सगळ्यात सुरेख पडायच्या. मधूनमधून 'किट मस्टर' असे, म्हणजे आपलं सगळं सामान अंथरून साहेबांना दाखवायचं. साहेब त्याच्यापाशी थांबून "शाबाश" म्हणायचे आणि मी कोपऱ्यात अशी काही फुगायचे, की सुरळी सुटायची बाकी राहायची!

मग आली दिवाळीची सुट्टी. गणवेश घालून, मला खांद्यावर टाकून तो झाशी स्टेशनावर उतरला. न्यायला त्याचे वडील गोविंदराव आले होते. घरात सगळे त्यांना अण्णा म्हणत. ते कचेरीत हेडक्लार्क होते आणि मुलानंही तिथंच चिकटावं, अशी त्यांची फार इच्छा होती. दोघं बाहेर पडतात न पडतात तोच एका टांगेवाल्यानं त्या पांढऱ्या कपड्यांकडे आणि निळ्या कॉलरकडे पाहून विचारलं, "काहे भैया, बरात किते जा रही? बाकी बाजेवाले कहाँ हैं?"

टांगेवाल्याला तो वरातीतला बँडवाला वाटला होता! आजूबाजूचे लोक खो खो हसले. विद्याधरही हसला. अण्णा मात्र हसले नाहीत. त्यांनी मान खाली घातली आणि मुलाच्या चार पावलं पुढे चालू लागले.

ते त्याला लागलं. मला कसं कळलं? अहो, त्याचा हात माझ्या दोरावर होता ना! रात्रीच्या जेवणाआधीच त्यानं धाकट्या बहिणीला, कमलिनीला, मनातलं सांगून टाकलं. "सव्वीस जानेवारीला दिल्लीच्या संचलनासाठी आमच्यातून मुलं निवडणार आहेत, कमल. मी पोचलो की दुसऱ्याच दिवशी किट मस्टर आहे, त्यात ठरणार. झाशीहून दिल्ली काय लांब आहे? अण्णांनी एकदा डोळ्यांनी बघावं, मी बाजेवाला नाही ते."

"होईल भैया, तुझंच होईल," कमलिनी म्हणाली. "तुझ्यासारखं नीटनेटकं आपल्या घरात कुणी नाही. मी तर नाहीच नाही!"

निघायच्या दिवशी विद्याधर सकाळी बसनं मऊरानीपुरला मावशीच्या पाया पडायला गेला. आणि इकडे घरात घोटाळा झाला, मित्रांनो! त्याच्या आईनं, अनुसूयाबाईंनी, मला प्रेमानं उघडलं. हाताला लागली ती उलटी करून ठेवलेली, आडव्या घड्यांची पाटलोण.

"अगं बाई! हे काय दशा करून ठेवलीय पोरानं कपड्यांची! तिथं बघणारं कोण आहे म्हणा बिचाऱ्याचं," असं म्हणत त्यांनी पाटलोण सुलटी केली, पाणी मारलं, चांगली खळ दिली आणि निखाऱ्यांची इस्त्री घेऊन बसल्या. एकेक आडवी घडी मोडत गेल्या आणि समोर उभी, सुरीसारखी एकच घडी पाडली. अगदी अण्णांच्या कचेरीच्या पाटलोणीसारखी! मी ओरडून सांगणार तरी कशी? मला तोंड होतं, पण बोलायला जीभ नव्हती.

दुपारी विद्याधर परतला. आईनं हौसेनं पाटलोण पुढे धरली. "बघ, कशी केलीय कडक!"

तो ती उलटसुलट करून आडव्या घड्या शोधू लागला.

"काय झालं रे? जळली का कुठं?"

"नाही आई. छान केलीस." मग हळूहळू त्यानं सगळं सांगितलं. आईचा चेहरा असा उतरला, की मला त्या दोघांत जास्त वाईट कुणाचं वाटतंय तेच कळेना. इस्त्री थंड झाली होती. कोळसेही संपले होते. संध्याकाळी मुंबईची गाडी.

"रडारड नंतर!" कमलिनी पदर, चुकले, ओढणी खोचून उभी राहिली. "भैया, तू घड्या घाल. दाबायचं आमच्याकडे लागलं."

पाटलोण ओली केली, उलटी केली. विद्याधरनं बोटांनी एकेक घडी घातली. कमलिनीनं घड्यांवर जेवायचा जाड शिसवी पाट ठेवला आणि सरळ त्यावर बसली. मग आई बसली. मग दोघी एकमेकींना धरून बसल्या.

"आई, तू सरक ना, मी पडतेय!"

"तूच सरक, मेले, माझं वजन जास्त आहे, मला मधे बसू दे."

एवढ्यात अण्णा कचेरीतून आले. दारातच थबकले. "हे काय चाललंय? एका पाटावर दोघी?"

"अण्णा, प्रश्न नंतर विचारा," कमलिनी म्हणाली, "आधी इथं बसा. आमचं वजन पुरत नाहीये!"

"मी? खलाशाच्या पाटलोणीवर बसू?"

अण्णांनी बायकोच्या डोळ्यांकडे पाहिलं. मुलाच्या ओल्या बोटांकडे पाहिलं. मग टोपी काढून खुंटीला लावली, कोट काढला, दोघी बाजूला झाल्या आणि अण्णा पाटावर मांडी घालून असे बसले, जसे सत्यनारायणाच्या पूजेलाच बसलेत!

त्यांनी पाटाखालून डोकावणारी एक घडी बोटानं चाचपली. मग म्हणाले, "आडव्याच का घालता रे घड्या?"

विद्याधर आधी बावरला. अण्णांनी नौदलाबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न होता. "जागा नसते, अण्णा. लॉकर एवढासा." त्यानं हातानं दाखवला.

"एवढ्याशात तुझं सगळं मावतं?"

"मावतं. जे मावत नाही ते न्यायचंच नाही."

"हं," अण्णा म्हणाले. आणि मग विचारतच सुटले. झोपता कुठं, अंघोळीला पाणी किती, वादळात ताटं सांडत नाहीत का? आई दोनदा चहाला उठवायला आली, पण अण्णा पाटावरून हलले नाहीत. गाडीची वेळ झाली तेव्हा त्यांच्या पायाला मुंग्या आल्या होत्या आणि कमलिनीला त्यांना हात देऊन उठवावं लागलं.

किट मस्टरला साहेब त्या पाटलोणीपाशी थांबले. घड्या बरोबर होत्या, पण कापडावर पाटाच्या कडेची एक अंधूक रेघ उमटली होती.

"ये निशान कैसा है?"

"सर, घर पर प्रेस के कोयले ख़त्म हो गए थे। पिताजी ऊपर बैठे थे।"

"ऊपर? कब तक?"

"गाड़ी के टाइम तक, सर।"

साहेबांच्या मिशा थरथरल्या. "पिताजी को हमारा सलाम बोलना," असं म्हणून ते पुढे गेले. आणि आठवड्यातच विद्याधरची दिल्लीसाठी निवड झाली!

संचलन बघायला अण्णा दिल्लीला गेले होते, पण मी बराकीतच पडून होते, त्यामुळे तिथली गंमत मला कळली ती पुढच्या सुट्टीत. घरात पाऊल टाकताच विद्याधरनं विचारलं, "अण्णा, दिसलो का मी?"

अण्णा जरा ओशाळले. "खरं सांगू? नाही रे. पहाटेपासून थंडीत उभा होतो. तुम्ही आलात, पण सगळे सारखेच! तेच कपडे, तीच चाल. मी शोधतोय, शोधतोय, तोवर तुम्ही निम्मे पुढेही गेलात. शेजारच्यानं विचारलं, 'आपका लड़का कौन-सा है, भाईसाहब?' मग काय करणार? मी म्हटलं, 'ये जो जा रहे हैं, सब।' आणि हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या."

मित्रांनो, त्यानंतर मी खूप बंदरं पाहिली, पण यापेक्षा मोठी गोष्ट माझ्या पोटात कधी भरली गेली नाही.

आता विद्याधर निवृत्त झाला आहे. घरात चाकांच्या बॅगा आल्या आहेत आणि मी पलंगाखाली जुन्या रजया सांभाळते. दोर कडक झालाय, पितळ काळवंडलंय, नाव पुसट झालंय. तक्रार नाही माझी. फक्त एवढं करा, मुलांनो. कधीतरी मला ओढून बाहेर काढा, थोडं ऊन दाखवा. आणि घरातल्या कुणाची एखादी गोष्ट तुम्हाला उलटी, आडवी, विचित्र वाटली, तर ती सरळ करायला घेऊ नका. आधी त्याच्या शेजारी बसा आणि विचारा, "हे असं का?" मग बघा, माणूस किती बोलतो ते!