पन्हळीचा उतार

"वाकडी आहे," अंगणात उभं राहून, एक डोळा मिटून सर म्हणाले.

शिडीवरच्या पत्रेवाल्याने कपाळाला हात लावला. "सर, वाकडी नाही, उतार दिलाय. पन्हळीतलं पाणी त्या टोकाच्या नळीकडे जायला नको?"

"जाऊ दे की. पण माझ्या डोळ्यांना खुपता कामा नये. सरळ कर."

सरांनी छत्तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली होती, म्हणजे खरं तर छत्तीस वर्षं पोरांच्या रेषा खोडल्या होत्या. हा पत्रेवालाही त्यांचाच विद्यार्थी. त्याच्या वहीच्या पानापानावर सरांचा लाल शेरा असे, 'रेष वाकडी'. आता तो आपल्याच छपरावर सूड उगवतोय, अशी सरांची खात्री झाली.

"अहो, त्याचं काम त्याला करू द्या ना," खिडकीतून काकूंचा आवाज आला.

"मग मी काय करू?"

"तेच तर निवृत्त झाल्यापासून शोधतेय मी."

पत्रेवाल्याने मान डोलावली आणि पट्टीने आखावी तशी पन्हळ सरळ करून दिली. सरांचा शब्द मोडायची त्याला अजून भीती वाटत होती. मग रोज संध्याकाळी सर अंगणात खुर्ची टाकून ती रेष न्याहाळत बसत. दोन वर्षांपासून त्यांचा उजवा हात कापत होता. हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं, काकूंनाही नाही. निदान छपरावर तरी आपली एक सरळ रेष असावी, एवढीच त्यांची हौस होती.

पुढे चार दिवस धो धो पाऊस पडला. पन्हळीत पाणी तुंबलं, त्यात पाला साचला आणि काठोकाठ भरलेलं पाणी मागून भिंतीत उतरलं. पाचव्या दिवशी खोलीतल्या भिंतीला पोपडे आले. त्याच भिंतीवर काकूंचं चित्र होतं. लग्नाच्या वर्षी काढलेलं, सरांनी आयुष्यात हौसेने काढलेलं एकच. त्याचा रंग ओघळून काकूंच्या नाकाखाली झुपकेदार मिशा उगवल्या होत्या.

काकू बराच वेळ बघत राहिल्या. "अगदी माझे बाबा!" म्हणाल्या आणि हसून हसून खालीच बसल्या.

सरांना हसू येईना. "माझ्या हट्टापायी गेलं ते," ते म्हणाले.

पाऊस थांबताच ते स्वतः पत्रेवाल्याच्या दुकानात गेले. "चल बाबा, वाकडी कर."

"किती वाकडी, सर?"

"तुला कळतं तेवढी."

या वेळी सरांनी शिडी धरली. पत्रेवाल्याने वरून तांब्याभर पाणी ओतलं. ते निमूटपणे नळीपर्यंत गेलं आणि खाली मोरीत पडलं.

"पास का, सर?"

"शाळेतच तुला पास करायला हवं होतं रे मी," सर म्हणाले.

संध्याकाळी मिशा पुसायला त्यांनी ब्रश घेतला. हात थरथरला आणि गालावर आणखी एक फराटा उठला. काकू शेजारीच होत्या. त्यांचं हसू मावळलं.

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली."

काकूंनी त्यांच्या हातातून ब्रश काढून घेतला आणि तो हात थोडा वेळ आपल्या हातात धरला. मग मिशांसकट चित्र उचलून त्यांनी समोरच्या कोरड्या भिंतीवर टांगलं. ते जरा तिरकं लागलं होतं. सरांना ते दिसलं. खुर्ची ओढून ते चित्र तसंच न्याहाळत बसले.