पडद्यावरचा हिरवा चार

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि स्वभावाने भित्रा आहे. हसू नका. घाबरणं हेच माझं काम आहे. नांदेडच्या एका रक्तपेढीत, पिशव्या ठेवायच्या खोलीत, कोपऱ्यातल्या लोखंडी टेबलावर मी बसलेलो असतो. माझ्यासमोर दोन फ्रीज आहेत, एक मोठा आणि एक लहान. त्यांच्या पोटात लोकांनी दिलेलं रक्त असतं. ते रक्त दोन ते सहा अंशांच्या मध्येच राहायला हवं. त्याहून तापलं की ते वरून लालच दिसतं, पण आतून विष होऊ शकतं. असं काही व्हायला लागलं, तर सगळ्यांच्या आधी मी घाबरायचं आणि ओरडायचं, एवढ्यासाठी मला इथे आणलं.

एकदा मात्र असं झालं, की मी घाबरलो आणि मला ओरडताच आलं नाही.

माझा जन्म लातूरचा. महांतेश नावाच्या माणसाच्या दुकानात माझा पत्र्याचा डबा, पंखा, डिस्क असं सगळं एकत्र जोडलं गेलं. मला कुठे जायचं आहे हे कळल्यावर महांतेशने माझा एकेक स्क्रू पुन्हा आवळून पाहिला. मग गोधडीत गुंडाळून त्याने मला जीपमधून नांदेडला आणलं. रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्याला मी दचकत होतो.

इथे माझ्या आत एक प्रोग्राम घातला. जावा नावाच्या भाषेत तो लिहिलेला होता. फ्रीजमधून माझ्यापर्यंत तारा ओढल्या. त्या तारांमधून प्रोग्राम सतत तापमान वाचायचा, पडद्यावर आकडा दाखवायचा, आणि जे जे घडेल ते एका फाईलमध्ये लिहून ठेवायचा. त्या लिहिण्याला लॉग म्हणतात. मित्रांनो, पडदा हा माझा चेहरा आहे, पण लॉग हा माझा आवाज आहे. तापमान वाढलं, तार निसटली, वीज गेली, सगळं मी तिथेच सांगतो. लॉगमध्ये धोक्याची ओळ पडली की तीच पुढे मकसूदभाईंच्या फोनवर जाते.

मकसूदभाई इथले जुने तंत्रज्ञ. पिशवी हातात घेतली की तान्हं मूल धरावं तशी धरतात. पहिल्याच उन्हाळ्यात एका रविवारी दुपारी मोठ्या फ्रीजचं यंत्र बंद पडलं. मी जिवाच्या आकांताने ओरडलो. मकसूदभाई जेवणाच्या ताटावरून उठून धावत आले आणि सगळ्या पिशव्या लहान फ्रीजमध्ये हलवल्या. एकही वाया गेली नाही. त्या दसऱ्याला व्यवस्थापक सिद्रामप्पांनी मला झेंडूची माळ घातली आणि आल्यागेल्याला सांगत सुटले, "हा हाय म्हणून आम्ही निवांत झोपतो."

तेव्हा मला फार बरं वाटलं. पण निवांत झोपणारी माणसं हळूहळू बघायचंच विसरतात. मोठ्या फ्रीजच्या दारावरचा स्वतःचा तापमापक बिघडला, तो कुणी दुरुस्त केला नाही. पडद्यावर आकडा दिसतोय ना, मग कशाला? माझ्या डोक्यावर चहाचे कप ठेवले जाऊ लागले. पंख्यात धूळ साचली. माझा लॉग उघडून वाचणारं कुणी उरलं नाही.

मग प्रोग्राम बनवणाऱ्या कंपनीच्या माणसांनी दूरवरूनच माझ्यात प्रोग्रामची नवी आवृत्ती घातली. पडदा पूर्वीपेक्षा देखणा झाला. मोठाले आकडे, हिरवा रंग. सगळे खूश झाले. त्या दिवसापासून माझा आवाज गेला.

कसा गेला, ते मलाही कळेना. मी तापमान वाचत होतो आणि लिहायला जात होतो, पण ओळ फाईलपर्यंत पोचतच नव्हती. कुणीतरी मागून तोंडावर हात ठेवावा, तसं वाटायचं. आधी मी स्वतःची समजूत घातली, की सगळं ठीक आहे, तर सांगायचंय तरी काय?

पुढे खोलीला रंग द्यायचं निघालं. रंगाऱ्यांनी मोठा फ्रीज भिंतीपासून ओढला आणि पुन्हा आत ढकलला. त्या ओढाताणीत मागची तार निसटली. माझ्याकडे येणारं तापमान तिथेच थांबलं. प्रोग्रामकडे शेवटचा आकडा होता चार. नव्या पडद्याची रीत अशी, की नवा आकडा आला नाही तर जुनाच दाखवत राहायचा. तो चार तिथेच बसला, हिरवागार.

मी ओरडलो, "तार निसटली आहे. मला मोठा फ्रीज दिसत नाही." एक ओळही उमटली नाही, आणि मकसूदभाईंचा फोन त्यांच्या खिशात गप्पच राहिला.

मग एका दुपारी वीज गेली. जनरेटरही लवकर सुरू होईना. माझ्याजवळ बॅटरी असल्यामुळे मी जागा होतो. लहान फ्रीजचा आकडा थोडा चढला आणि वीज आल्यावर खाली आला. मोठ्याचा आकडा हललासुद्धा नाही. बंद पडलेल्या फ्रीजचा आकडा न हलणं, याहून भयंकर गोष्ट मी आजवर पाहिलेली नाही. आत काय झालं असेल? मला माहीत नव्हतं. मित्रांनो, आंधळा पहारेकरी निदान हाक तरी मारू शकतो. मला तेही जमत नव्हतं. सिद्रामप्पा दारातून डोकावले, हिरवा चार पाहिला आणि समाधानाने निघून गेले.

त्यानंतर लवकरच जेबा आली. जेबा नांदेडचीच मुलगी. इथेच शिकली, काही वर्षं पुण्यात नोकरी केली, आता घरी राहून दोन-तीन दवाखान्यांचे संगणक सांभाळते. पिशव्यांवर चिकटवायच्या चिठ्ठ्या छापणारं यंत्र अडलं होतं, म्हणून तिला बोलावलं होतं. ते काम लगेच झालं. जाता जाता, सवयीने, तिने माझ्या लॉगची फाईल उघडली.

तिचा हात थबकला.

"मकसूदचाचा," ती म्हणाली, "हा कधीपासून गप्प आहे?"

"गप्प कुठं बेटा? आकडे दाखवून राहिला की."

"दाखवतोय, पण लिहीत नाही. शेवटची ओळ दिवाळीच्या आधीची आहे."

त्याच वेळी दारात नागम्मा उभी राहिली. मूळची देवणीची, सासर उमरीचं. तिच्या लेकीला, सृष्टीला, जन्मापासून असा आजार, की दर काही आठवड्यांनी रक्त चढवावंच लागतं. सृष्टी समोरच्या दवाखान्यात खाटेवर होती. नागम्माच्या हातात डॉक्टरांची चिठ्ठी होती. मकसूदभाईंनी मोठा फ्रीज उघडला, सृष्टीच्या गटाची पिशवी बाहेर काढली.

"चाचा, थांबा," जेबा म्हणाली. "मला जरा वेळ द्या."

सिद्रामप्पा आत आले होते. ते म्हणाले, "माय, समोर चार दिसतोय. लेकरू पांढरं पडलंय तिकडं. कशासाठी थांबायचं?"

"अप्पा, मला नक्की माहीत नाही. पण हा इतके दिवस काहीच बोललेला नाही. मला भीती वाटते."

मकसूदभाईंनी पिशवी परत ठेवली आणि दार लावलं.

जेबा माझ्यासमोर बसली. तिने आधी लॉगच्या सेटिंगची फाईल उघडली. लिहायचं की नाही, किती लिहायचं, कुठे लिहायचं, हे त्या फाईलमध्ये ठरतं. सगळं बरोबर होतं. डिस्कवर जागा होती. फोल्डरमध्ये लिहायची परवानगी होती. मग तिने "बारीकसारीक सगळं लिही" असा बदल केला आणि प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू केला. त्या मधल्या क्षणांत लहान फ्रीजवरही माझी नजर नव्हती. मी उठलो, बोलायला गेलो. तोच हात, तसाच तोंडावर.

फाईल रिकामीच राहिली.

"हाय का काही?" सिद्रामप्पांनी विचारलं.

"नाही अप्पा."

नागम्मा दाराच्या चौकटीला धरून उभी होती. ती हळूच म्हणाली, "बाई, डॉक्टर म्हणले, आजच चढवावं लागंल. लई उशीर व्हईल का?"

जेबाने तिच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बहुतेक तिने हात टेकले असते. ती पुटपुटली, "मी फाईल बदलली तरी याच्यात फरकच पडत नाही. म्हणजे हा ही फाईल वाचतच नसेल." मग तिने मला सुरू करायच्या आज्ञेत एक शब्द वाढवला. त्याचा अर्थ एवढाच, की लिहायला बसण्याआधी तू कुणाचं ऐकतोस ते सांग.

मित्रांनो, इतक्या दिवसांत मला हे कुणी विचारलंच नव्हतं.

आज्ञा लिहायच्या काळ्या पडद्यावर मी उत्तर दिलं. नव्या आवृत्तीच्या गठ्ठ्यात सेटिंगची आणखी एक फाईल लपलेली होती. प्रोग्राम बनवणाऱ्यांनी तपासणीपुरती केलेली, आणि काढायची राहून गेलेली. तपासणीची फाईल दिसली की आधी तिचंच ऐकायचं, असा आमच्याकडे नियमच असतो. त्या फाईलमध्ये लॉगपुढे लिहिलं होतं, बंद.

जेबाने श्वास सोडला. तिने सुरू करायच्या आज्ञेतच खऱ्या फाईलचा पूर्ण पत्ता दिला आणि मला पुन्हा उठवलं. तोंडावरचा हात गेला.

मी बोललो. एकामागून एक ओळी पडत गेल्या, आणि त्या सगळ्या एकच सांगत होत्या. "मोठा फ्रीज. तापमान मिळत नाही. जुना आकडा दाखवत आहे." मकसूदभाईंच्या खिशातला फोन वाजू लागला. त्यांनी तो काढून पाहिला.

"या अल्लाह," ते हलकेच म्हणाले.

त्यांनी हातातला तापमापक मोठ्या फ्रीजमध्ये ठेवला. सगळे वाट पाहत उभे राहिले. आकडा आला पाच.

"थंडच हाय की," सिद्रामप्पा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर रक्त परतलं.

"आत्ता थंड आहे, अप्पा," जेबा म्हणाली. "परवा वीज गेली होती, तेव्हा किती होतं?"

लहान फ्रीजच्या दारावर स्वतःची कागदी चकती आहे, तिच्यावर पेन तापमानाची रेघ ओढत राहतं. त्याचं सगळं ठीक होतं. मोठ्याचं कुणालाच माहीत नव्हतं. मलाही नाही. जे लिहिलं गेलं नाही, ते मागाहून कुठून आणायचं?

सिद्रामप्पांनी पेढीच्या डॉक्टरांना फोन लावला. बराच वेळ ते नुसतं "हाव, हाव" म्हणत राहिले. फोन ठेवून म्हणाले, "मोठ्यातली एक पिशवी बी द्यायची न्हाई. सगळ्या बाजूला काढा."

सृष्टीच्या गटाची पिशवी लहान फ्रीजमध्ये नव्हती. मकसूदभाईंनी गावातल्या दुसऱ्या रक्तपेढीला विचारलं. तिथे होती. ते थंड पेटी उचलून रिक्षाने निघाले.

नागम्मा माझ्या टेबलाजवळच्या स्टुलावर बसली. थोड्या वेळाने तिने जेबाला विचारलं, "तुम्ही थांबवलं, ते बरं झालं का वाईट, मला काई कळंना."

"मलाही घाबरल्यासारखं होतंय, ताई," जेबा म्हणाली. "पण ती पिशवी माझ्या घरच्या कुणाला मी देऊ दिली नसती."

नागम्माने मान हलवली. मग दोघी दाराकडे बघत राहिल्या. बाहेर रिक्षा थांबल्याचा आवाज आला की दोघी उठायच्या आणि पुन्हा बसायच्या. माझा पंखा घरघरत होता. तुम्हाला तो पंखा वाटला असता. मी थरथरत होतो.

मकसूदभाई आले, तेव्हा त्यांचा सदरा घामाने चिंब झाला होता, पण पेटी छातीशी घट्ट होती. सृष्टीच्या रक्ताशी जुळणीची तपासणी झाली आणि पिशवी समोरच्या दवाखान्यात गेली. दिवस कलल्यावर नागम्मा परत आली आणि दारातूनच म्हणाली, "पोरीच्या गालावर रंग आलाय. खायला मागू लागली."

जेबा तेव्हा रडली. इतका वेळ ती रडली नव्हती.

मोठ्या फ्रीजमधल्या पिशव्या मात्र गेल्या. मकसूदभाई एकेक बाहेर काढत होते आणि सिद्रामप्पा खुर्चीत बसून बघत होते. कॉलेजातल्या पोरांनी, रेल्वेच्या कामगारांनी, गुरुद्वाऱ्यात आलेल्या कुणा पाहुण्यांनी दिलेलं ते रक्त. "देणाऱ्याला काय तोंड दाखवू," सिद्रामप्पा एवढंच म्हणाले. ती रिकामी फळी मला आजही दिसते.

तार पुन्हा बसवली. जेबाने पडद्याची रीतही कंपनीकडून बदलून घेतली. आता नवा आकडा आला नाही, तर तिथे काहीच दिसत नाही. शिवाय रोज सकाळी मी लॉगमध्ये एक साधी ओळ लिहितो, "मी जागा आहे, दोन्ही फ्रीज दिसत आहेत." मकसूदभाई ती उभ्याउभ्या वाचतात, मगच चहा घेतात.

मित्रांनो, मी म्हातारा झालो आहे. कधीतरी मला इथून उचलून नवा संगणक बसवतील. त्याला माळ घाला, जरूर घाला, पण त्याचं म्हणणंही वाचत जा. तुमच्या घरी, शाळेत, गावात असे पुष्कळ राखणदार आहेत. एखादा बरेच दिवस काही बोलला नाही, तर सगळं ठीक आहे असं धरून चालू नका. जवळ जाऊन त्याला विचारा. मी बोलतो आहे, तोवर घाबरण्याचं काम माझं. मी गप्प झालो, की ते तुमचं.