दोरीवरचे चार टॉवेल

टॉवेल ओले होते. मे महिना, सकाळचे साडेअकरा, अंगणातल्या चिऱ्यावर अनवाणी पाय ठेवायची सोय नाही, आणि दमयंतीबाईंच्या दोरीवरच्या चार टॉवेलांतून अजून पाणी ठिबकत होतं. पडवीच्या पायरीशी पुरुषी चपलांचे चार जोड. मी खिशातला अर्ज काढून पुन्हा वाचला.

‘आम्ही चौघे विद्यार्थी पदवीची परीक्षा संपल्याने दि. ३० एप्रिल २००३ रोजी सदर जागा सोडून गेलो आहोत. तरी भोगवटादार म्हणून लागलेले माझे नाव कमी करावे. यापुढील घरपट्टीची जबाबदारी आमची राहणार नाही.’ खाली यज्ञेशची लफ्फेदार सही.

जागा सोडली म्हणे! मग हे टॉवेल काय भुतांनी आंघोळ करून टाकले?

मी बाबाजी तांबे. नगरपरिषदेत घरपट्टीच्या टेबलावर एकतीस वर्षं झाली. गावात माझ्या मागे मला ‘चपला मोजणारा’ म्हणतात. म्हणू देत. भाड्याने दिलेल्या घराला पट्टी जास्त बसते, म्हणून मालक भाडेकरू लपवतात. कुणाचा भाचा होतो, कुणाचा लांबचा दीर. मी बोलणं ऐकतच नाही. दारातल्या चपला मोजतो, दोरीवरचे कपडे बघतो आणि लिहितो.

इथेही तीन वर्षांपूर्वी मीच आलो होतो. दार उघडायला यज्ञेश आला, म्हणून भोगवटादार, म्हणजे तिथे राहणारा, असं त्याचं नाव लागलं. मालकाने पट्टी थकवली तर नोटीस त्याच्या नावाने निघणार. पोरगा आता पदवीधर झाला आणि हात झटकून मोकळा व्हायला बघतोय, असं माझं स्पष्ट मत होतं.

“मुलं आहेत घरात?” मी विचारलं.

“आहेत तर. बाहेर गेल्येत,” दमयंतीबाई दारातूनच म्हणाल्या. साठी उलटलेल्या, एकट्या, पदर खोचलेला.

“चौघंही? चपला इथे ठेवून?”

“बूट घालून गेल्येत. पाणी देऊ?”

“नको. बाटली असते बरोबर. हा अर्ज आलाय, जागा सोडल्याचा.”

त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. मग त्या घाईघाईने म्हणाल्या, “एखादा गेला असेल. पण जागा भरलेली आहे हो माझी.”

हे वाक्य माझ्या फार जुन्या ओळखीचं. मंडणगडहून पत्र्याची ट्रंक घेऊन मी इथे कॉलेजला आलो, तेव्हा खोली शोधत अकरा घरं फिरलो. आधी गाव विचारायचे, मग आडनाव, मग खोदून खोदून वाडी कुठली ते. आणि शेवटी, “जागा भरली हो आमची.” दारात एक चप्पल नसायची, दोरीवर एक चिंधी नसायची. तेव्हापासून मला दुसऱ्याच्या दारात आधी खाली बघायची सवय लागली ती लागलीच. आणि कुणाच्या घरचं पाणीही मी पीत नाही.

“जागा रिकामी झाली असेल तर तसा अर्ज द्या,” मी म्हटलं. “पट्टी निम्म्यावर येईल.”

“नको नको! आहे तीच असू दे.”

पट्टी कमी नको म्हणणारं माणूस मी जन्मात पाहिलं नव्हतं. कुठेतरी पाणी मुरतंय, हे नक्की झालं. बाईंनी नवे भाडेकरू आणलेत, जास्त भाड्याने, आणि जुन्या पोराच्या नावाआड लपवलेत. मी वहीत खूण केली.

चार दिवसांनी यज्ञेशच कचेरीत आला. पावस गावचा पोरगा, किडकिडीत, हातात मुंबईच्या नोकरीचं पत्र.

“काका, माझं नाव काढा हो. नोटीस घरी आली तर बाबा सोलून काढतील. आम्ही खरंच सोडली जागा. काकू स्टँडवर आल्या होत्या पोचवायला.”

“मग टॉवेल कुणाचे? चपला कुणाच्या?”

“आमच्याच. काकूंनी मागून घेतल्या. म्हणाल्या, जुने टॉवेल आणि चपला टाकून जा रे, पुसायला होतात.”

“चपलेने काय पुसतात?”

पोरगा गडबडला. “ते... विचारलं नाही.”

खोटं बोलणाऱ्याला इतकं वेडगळ उत्तर सुचत नाही. तरी मी अर्ज मंजुरीला पाठवला नाही. ‘बघतो’ म्हटलं आणि त्याला घालवला.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा पुन्हा चार टॉवेल, पुन्हा ओले. हिरवा, पांढरा, चौकटीचा आणि कडेला विरलेला गुलाबी. आधीच्या खेपेसारखेच, त्याच क्रमाने. रात्री जेवताना मी हे सगळं दर्शनाला, माझ्या बायकोला, सांगितलं.

“तुमचं लक्ष कायम दुसऱ्याच्या दोरीवर,” ती म्हणाली. मग आमटी वाढता वाढता थांबली. “पण काय हो, आपल्या राकेशने आजवर कधी टॉवेल दोरीवर टाकला? पलंगावर, दारावर, सायकलवर. कुठली चार पोरं रोज एका ओळीत टॉवेल वाळत घालतात?”

एकतीस वर्षं चपला मोजतोय, आणि हे बायकोने सांगावं!

दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच मी दमयंतीबाईंच्या दगडी गडग्याबाहेर, फणसाच्या आडोशाला उभा राहिलो. चोरासारखा, कबूल करतो. बाई बाहेर आल्या. हातावर चार टॉवेल, कोरडे, घडी घातलेले. त्यांनी बादली भरली, एकेक टॉवेल बुडवला, अर्धवट पिळला आणि दोरीवर टाकला. हिरवा, पांढरा, चौकटीचा, गुलाबी. मग पायरीपाशी वाकून चपलांच्या जोड्या इकडच्या तिकडे केल्या. एक चप्पल मुद्दाम उलटी टाकली. परत सुलटी केली.

एवढ्यात फाटकाशी मोटारसायकल थांबली. हा बाबू, बाईंच्या दिराचा मुलगा. पट्टीच्या रांगेत नेहमी पुढे घुसतो म्हणून मी त्याला ओळखत होतो.

“काकी, पोरं आहेत काय अजून?” त्याने बाहेरूनच हाक दिली.

“आहेत. आत्ताच आंघोळी आटोपल्यात.”

त्याने दोरीकडे पाहिलं, चपलांकडे पाहिलं. “एकटी पडलीस की सांग. कागद तयार आहे, तुझी एक सही हवी. तुला आमच्याकडे मागची खोली देतो. बिल्डर काय जन्मभर थांबायचा नाही.”

“सांगेन हो.”

गाडी गेली. बाई तशाच उभ्या राहिल्या, ओले हात पदराला पुसत. मला माझीच शरम वाटली. असली शरम मला फार वर्षांत वाटली नव्हती. मी फाटक उघडून आत गेलो.

“पाहिलंत?” त्या म्हणाल्या. “वाळले की पुन्हा भिजवते.”

“पाहिलं.”

“मग लिहा आता, जागा रिकामी म्हणून.” आवाज कोरडा होता. “तुमचा कागद कचेरीत कुणालाही बघायला मिळतो ना?”

“मिळतो.”

“ती चौघं होती तोवर हा फाटकाच्या आत आला नाही. एकदा आला, तर त्या चौघांतल्या अपूर्वने त्याला उभ्यानेच परत पाठवला. सबंध हयात गेली माझी या घरात. आणि आता मागच्या खोलीत जाऊन बसू?” त्यांनी दोरीवरचा एक टॉवेल सारखा केला. “पोरांना काही सांगितलं नाही मी. त्यांची कामं आहेत. सांगितलं असतं तर एखादा वेडा राहिला असता इथेच.”

मी पडवीच्या पायरीवर बसलो. पोराचं नाव काढायलाच हवं, तो खरं बोलत होता. आणि नाव काढायचं तर पाहणीचा अहवाल हवा. मी आजवर अहवालात पाहिलेलं कधी गाळलं नव्हतं.

“पाणी देता जरा?” मी म्हटलं.

त्यांनी तांब्याभांडं आणलं. मी भांडं तोंडाला लावून प्यायलो. पाणी गार होतं, वाळ्याचं. भांडं तिथेच विसळायला निघालो, तर त्यांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं.

“मालकाने मागितल्याशिवाय पट्टी उतरत नाही,” मी म्हणालो. “तुम्ही मागू नका. जागा भाड्याची म्हणून लागली आहे, तशीच चालू राहील. पण त्या पोराच्या नावावर नाही. तुमच्या. आणि भरावी लागेल पूर्ण, दर वर्षी.”

“न राहणाऱ्या पोरांची?”

“न राहणाऱ्या पोरांची.”

“भरेन,” त्या लगेच म्हणाल्या. “पेन्शन आहे यांची.”

“आणि टॉवेल असे ओळीत घालू नका. माझ्यासारखा कुणी आला तर पकडेल.”

त्या पहिल्यांदा हसल्या.

मी अहवाल लिहिला: ‘अर्जदाराचे नाव कमी करावे. कर मालक स्वतः भरतील. आकारणीबाबत मालकाची तक्रार नाही.’ चपला किती, टॉवेल किती, एक अक्षर लिहिलं नाही. साहेबांनी विचारलं, “तांबे, आज मोजदाद नाही?” मी म्हटलं, “गरज नव्हती.” यज्ञेशला मुंबईच्या पत्त्यावर नाव काढल्याचं पत्र गेलं.

मग आला मार्च. वसुलीची गर्दी, पंख्याखाली घामाघूम रांग. रांग सोडून बाबू थेट खिडकीशी आला.

“साहेब, आमच्या काकीच्या घराची नोंद बघा जरा. तिथे कोण राहतो काय? मला दिसत तर कोण नाही.”

मी वही काढली, पान उघडलं आणि त्याच्यासमोर बोट ठेवलं. “भाड्याने. आकारणी चालू आहे. रांगेत या.”

रांगेत तिसऱ्या नंबरवर दमयंतीबाई उभ्या होत्या. बाबूला पाहून त्यांचा हात पिशवीवर घट्ट झाला होता. त्यांचा नंबर आला. मी पैसे घेतले, पावती फाडली, आणि माझ्या स्वभावात नाही तेवढ्या मोठ्याने विचारलं, “काय म्हणतायत पोरं?”

त्यांनी एकदा बाजूला उभ्या बाबूकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

“काय म्हणणार!” त्याही मोठ्याने बोलल्या. “टॉवेल कुठेही टाकतात मेले. आवरून आवरून जीव जातो माझा.”

बाबूने तोंड वाकडं केलं आणि तो निघून गेला. त्याची गाडी सुरू झालेली मला ऐकू आली. बाईंनाही ऐकू आली असणार. पण त्या हलल्या नाहीत.

“अपूर्वला तर उठवायला तीन हाका माराव्या लागतात,” त्या खिडकीला धरून सांगत होत्या. “आणि यज्ञेशला भातावर तूप जास्त लागतं. आईला सांगायचा नाही हो, मला सांगायचा...”

मागे रांग कुरकुरत होती. मी पावतीवर शिक्का मारला, पण पुढच्या माणसाला बोलावलं नाही.