चेंडूच्या आधी पेन्सिल

पोर्ट हॅडलीचा बेसबॉल संघ सलग सहा वर्षं तळाला होता, आणि तो कसा सुधारायचा हे वर्ना कोवालचिकला सहाही वर्षं माहीत होतं. अडचण एवढीच, की दर वर्षी तिला काहीतरी वेगळंच माहीत असे. एका वर्षी पहिल्या बेसवरच्या माणसाचे बूट बदलायचे होते. एका वर्षी तिसऱ्या बेससमोरचं गवत दोन बोटं वाढू द्यायचं होतं, म्हणजे आपल्या सुस्त गड्यांपाशी चेंडू जरा दमून पोचेल. हे सगळं ती दर सोमवारी मॅनेजर ब्राशेला पत्राने कळवी. इतक्या पत्रांना मिळून त्याचं एक पोस्टकार्ड आलं होतं. 'आभार. गवत कापणारा माझंही ऐकत नाही.' ते कार्ड तिने फ्रिजवर लावलं होतं.

संघाचं नाव हेरन्स, म्हणजे बगळे. नऊ नंबरच्या स्टँडमध्ये वर्नाच्या शेजारी बसणारा लेनी ओडेल हा निवृत्त पोस्टमन. तो म्हणायचा, "बरोबर नाव ठेवलंय. एका पायावर उभे राहतात आणि मासा निघून गेला की बघतात."

"तू येतोस कशाला मग?" वर्ना विचारी.

"तुझी पत्रं इतकी वर्षं मीच टाकली ना, त्यांचं काय होतं ते बघायला."

वर्ना एकाहत्तर वर्षांची. तीस वर्षं तिने शाळेची बस चालवली होती, त्यामुळे आवाज पहाडी आणि नजर आरशासारखी चौफेर. प्रत्येक मॅचला मांडीवर स्कोअरबुक. ही सवय नवऱ्याची, स्टॅनची. तो गेला आणि पेन्सिल हिच्याकडे आली. स्टॅनची एक खोड होती. टाकलेल्या प्रत्येक चेंडूची तो खूण करायचा. वेगवान चेंडूला आडवी रेघ, संथ चेंडूला छोटं वर्तुळ. एवढं कोणी करत नाही. वर्ना करायची.

आणि या वर्षी तिच्या मागच्या खोलीत ऑरिन टिबेट्स राहत होता. या लीगमधल्या पोरांना हॉटेल परवडत नाही, म्हणून गावातली घरं त्यांना मोसमभर ठेवून घेतात. ऑरिन तेवीस वर्षांचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, मेन राज्याच्या किनाऱ्यावरचा, लॉबस्टर पकडणाऱ्या घरातला. बोलणं मोजकं, खाणं अफाट. त्याचा उजवा हात मात्र देवाने फुरसतीत घडवला होता. अडतीस वर्षांत असा हात वर्नाने त्या मैदानावर पाहिला नव्हता, आणि हे ती छातीठोकपणे सांगत असे. वेगवान चेंडू कॅचरच्या ग्लोव्हमध्ये असा वाजे की वरच्या रांगेतली माणसं हातातलं खाणं विसरत. दुसरा त्याचा चेंजअप. हात तोच, झटका तोच, पण चेंडू आपला रमतगमत येतो आणि बॅटर त्याच्या कितीतरी आधी बॅट फिरवून मोकळा होतो. या पोराभोवती संघ उभा राहू शकेल, असं तिला मनापासून वाटे. ही आशा गवतापेक्षा मोठी होती.

पण जूनपासून पोरगा मार खायला लागला. चेंजअप टाकला की ठोकलाच. मंगळवारी पाहुण्या संघाच्या मर्काडोने, त्या गाड्यासारख्या रुंद माणसाने, त्याला दोनदा तळ्याकडच्या कुंपणापलीकडे पाठवलं. मॅच संपल्यावर ब्राशे ऑरिनला म्हणाला, "रविवारी याच संघापुढे शेवटची संधी. नाही जमलं तर सोमवारी घरी." दोन्ही वाक्यं ऑरिनने वर्नाला दारातच सांगितली, बूट काढता काढता, आणि तो न जेवता झोपायला गेला. हे मोसमात पहिल्यांदाच घडत होतं.

वर्ना मात्र स्वयंपाकघरात स्कोअरबुक उघडून बसली होती. मंगळवारी तिला एक गोष्ट दिसली होती. मर्काडोच्या दुसऱ्या फटक्याच्या वेळी तिने चेंजअपचं वर्तुळ काढलं आणि मग मान वर केली, तर चेंडू अजून ऑरिनच्या हातातच होता. तिची पेन्सिल चेंडूच्या आधी पोहोचली होती.

आधी तिला स्वतःचं कौतुक वाटलं. मग तिने पेन्सिल खाली ठेवली. चष्म्यातून तीस यार्डांवरून मला कळतं, तर समोर बॅट घेऊन उभ्या असलेल्या माणसाला कळणार नाही होय? उरलेली इनिंग ती फक्त ऑरिनचा ग्लोव्ह घातलेला डावा हात बघत राहिली. चेंजअपची पकड घ्यायला बोटं चेंडूभोवती खोल रुतवावी लागतात, आणि तसं करताना त्याचा ग्लोव्ह फुगत होता. बेडकाचा गळा फुगतो तसा. वेगवान चेंडूला नाही, फक्त चेंजअपला.

"मग ओरडून सांग की त्याला," तिने तिथेच स्टँडमध्ये हे सांगितलं तेव्हा लेनी म्हणाला होता. "तुझा आवाज काय कमी आहे?"

"म्हणजे ज्यांना अजून कळलं नाही त्यांनाही कळू दे?"

बुधवारी तिने क्लबच्या ऑफिसला फोन केला. तिकडच्या मुलीने सांगितलं की सूचनांची पेटी गेटजवळ आहे.

घरी सांगणं सगळ्यांत सोपं होतं, आणि तेच तिला करता येत नव्हतं. खेळाडू ठेवणाऱ्या घरांना क्लब एक कागद देतो. त्यातला सातवा नियम: 'खेळाडूला जेवू घाला, खेळ शिकवू नका.' वर्ना हा नियम क्लबपेक्षा कडक पाळायची. बेसबॉलच्या गप्पा पायपुसण्याच्या बाहेर, घरात नाहीत. आणि त्याला कारण होतं डॅरिल.

नऊ वर्षांपूर्वी डॅरिल नावाचा गोड पोरगा त्याच खोलीत होता. चांगला बॅटर. एकदा नाश्त्याला वर्ना त्याला म्हणाली, "कोपर जरा वर धरून बघ ना." मोठ्या माणसाचं ऐकायचं म्हणून त्याने ऐकलं. दोन आठवडे त्याची बॅट चेंडूला लागेना, आणि मग त्याला घरी पाठवलं. जाताना त्याने कार्ड ठेवलं: 'तुमच्या प्रेमाबद्दल आभार.' शिव्या दिल्या असत्या तर वर्नाला परवडलं असतं. ते कार्ड फ्रिजवर नव्हतं, कपाटात तळाशी होतं.

गुरुवार गेला, शुक्रवार गेला. तिने तोंड उघडलं नाही आणि तिला नीट झोपही लागली नाही.

शनिवारी सकाळी ती खिडकीपाशी पिरोगीची, म्हणजे उकडलेल्या पोलिश करंज्यांची, पारी लाटत होती. अंगणात ऑरिन गॅरेजच्या भिंतीला टेकवलेल्या जुन्या गादीवर सावकाश चेंडू टाकत होता. त्याने हात छातीशी आणले. ग्लोव्ह फुगला.

"हळू," वर्ना म्हणाली. तिच्या तोंडून निघूनच गेलं.

चेंडू गेला. चेंजअप होता.

त्याने पुन्हा हात छातीशी आणले. आता निघालंच होतं तर निघालं.

"जोरात."

धप्प.

"जोरात. हळू. जोरात. हळू. हळू."

बाराव्या चेंडूला ऑरिन थांबला. खिडकीपाशी येऊन उभा राहिला. चेहरा उतरलेला.

"मिसेस कोवालचिक, हे तुम्ही कसं ओळखता?"

"मी काही शिकवत नाहीये हं. मी पिरोगी करतेय."

"बारापैकी बारा!"

"एकाहत्तर वर्षांची बाई आहे मी. चष्म्याचा नंबर वाढलाय." ती पारीकडे बघत म्हणाली. "मर्काडो सव्वीसचा असेल, नाही?"

ऑरिनने चेंडू पुन्हा ग्लोव्हमध्ये घेतला. खिडकीच्या काचेत त्याला स्वतःचं प्रतिबिंब दिसत होतं. त्याने तिथेच उभं राहून वेगवान चेंडूची पकड घेतली. मग चेंजअपची घेतली. ग्लोव्ह फुगला. त्याने पुन्हा केलं. पुन्हा फुगला. मग त्याने आपल्या समुद्राकडची एक अस्सल शिवी हासडली आणि लगेच "माफ करा, मॅडम" म्हणाला.

पुढे सगळं त्याने स्वतःच शोधलं. आधीपासूनच चेंजअपची खोल पकड घेऊन ठेवायची, आणि वेगवान चेंडू टाकायचा असेल तर हळूच बोटं वर आणायची. म्हणजे ग्लोव्ह दर वेळी सारखाच. वर्ना खिडकीतून फक्त ओरडत होती, हळू, जोरात, हळू. दुपारपर्यंत ती निम्म्या वेळा चुकायला लागली. इतक्या आनंदाने चुकणारी बाई पोर्ट हॅडलीत दुसरी नसेल.

तरी तोंड धुऊन तो जेवायला बसला तेव्हा तिचा धीर सुटला. "पोरा, उद्या यानेच घात झाला तर? माझ्यामुळे आधी एक पोरगा..."

"उद्या माझा घात ठरलेलाच होता," ऑरिन म्हणाला आणि अकरावी पिरोगी उचलली. "अजून आहेत का?"

रविवारी दुपारी तळ्यावरून वारा येत होता. वर्नाने दोन पेन्सिली टोकदार करून आणल्या होत्या. पहिल्या इनिंगपासून तिला हाताला लगाम घालावा लागला. मन म्हणे रेघ, येई वर्तुळ. पाहुण्यांचे बॅटर वाऱ्यावर बॅटी फिरवत होते आणि परत जाताना एकमेकांशी कुजबुजत होते. शेवटची इनिंग आली तेव्हा बगळे दोन-एकने पुढे होते. पाहुण्यांचे दोन गडी बाद, तिसरा झाला की मॅच संपली; पण तिसऱ्या बेसवर त्यांचा माणूस बरोबरीची धाव घ्यायला उभा, आणि बॅट घेऊन आला मर्काडो.

दोन स्ट्राइक झाले, तिसऱ्याला बाद. मग मर्काडोने दोन चेंडू रेषेबाहेर भरकटवले, ते धरत नाहीत. सगळं स्टँड उभं राहिलं. लेनीने संघाच्या नशिबासाठी टोपी उलटी घातली. तो चर्चमध्येही टोपी काढायला विसरणारा माणूस, पण ही रीत तो विसरत नसे.

ऑरिनने हात छातीशी आणले.

आणि ग्लोव्ह फुगला.

चांगला टरारून फुगला. मंगळवारी फुगला नव्हता इतका. वर्ना पुढे वाकली. दमला पोरगा, जुनी खोड परत आली, संपलं. तिच्या हाताने वर्तुळ काढूनही टाकलं. समोर मर्काडोनेही ते पाहिलं. ती त्याला ओळखत होती, त्याचे खांदे किंचित सैल पडले. तो संथ चेंडूची वाट बघत निवांत उभा राहिला.

चेंडू विजेसारखा आला. मर्काडोची बॅट खांद्यावरून हललीसुद्धा नाही. अंपायरचा हात वर गेला.

क्षणभर वर्नाला काही कळेना. मग कळलं. खोड परत आली नव्हती. पोराने ती खिशात जपून ठेवली होती, या एका चेंडूसाठी. असं तिने शिकवलं नव्हतं. तिला सुचलंही नसतं.

"काय झालं गं? रडतेस कशाला? जिंकलो आपण!" लेनी ओरडत होता. मग त्याने तिच्या वहीत डोकावून पाहिलं. "अगं, वर्तुळ काय काढलंस? फास्ट होता तो! चुकलीस?"

"चुकले," वर्ना म्हणाली. नाक पुसत तिने पुढे उलटा 'के' काढला. बॅट न हलवता बाद झालेल्याची ती खूण. मैदानात ब्राशेने ऑरिनच्या पाठीवर थाप मारली आणि बोट दाखवून काहीतरी म्हटलं. ओठांवरून तिला वाचता आलं. शुक्रवारी. म्हणजे शुक्रवारी पुन्हा तोच टाकणार होता.

संध्याकाळी ऑरिन बूट काढायचे सोडून पायपुसण्यापाशीच थांबला.

"मिसेस कोवालचिक, त्या शेवटच्या चेंडूला तुम्ही काय लिहिलंत?"

वर्ना वही घेऊन बाहेर आली, दार मागे ओढून घेतलं आणि व्हरांड्यात उभं राहून त्याला पान दाखवलं. स्टॅन चुकीची खूण कधी राहू देत नसे, लगेच खोडून टाकी. खोडरबर तिच्या खिशातच होतं. पण वर्तुळ तसंच होतं, आणि त्याच्याभोवती तिने आणखी एक वर्तुळ काढलं होतं.