कुंपणापाशी राहिलेल्या मेंढ्या

जून संपत आला होता. अमेरिकेतल्या माँटानाच्या त्या माळावर आर्डिसच्या मेंढ्यांची लोकर आदल्याच दिवशी कातरून झाली होती आणि उघड्याबोडक्या मेंढ्या लांबच्या कुरणात ऊन खात होत्या. दुपारी वारा फिरला. उत्तरेकडून बोचरा पाऊस आला आणि बघता बघता त्याचा बर्फ झाला.

"आत घ्यायला हव्यात, नाहीतर गारठून मरतील," म्हणत आर्डिसने बूट चढवले. सत्तरी ओलांडलेली बाई. घरात तिचा जावई डेस्मंड तेवढा होता. लेक लोर्ना गावातल्या दवाखान्यात कामावर गेलेली. शहरातली नोकरी सुटल्यापासून डेस्मंड सासूकडेच राहत होता. पातळ जाकीट अडकवून तो तिच्यासोबत पिकअप गाडीत बसला.

आर्डिसच्या कुत्र्याने बराचसा कळप कुरणाच्या कडेच्या शेडमध्ये हाकलला. पण काही मेंढ्या कुंपणाशी बसकण मारून थरथरत राहिल्या. त्यांना उचलूनच न्यावं लागणार होतं. दोघं एकेक मेंढी उचलून नेऊ लागले. थोड्याच वेळात डेस्मंडला आपली बोटं जागेवर आहेत की नाहीत तेच कळेना.

"हात शेकून येतो जरा!" तो ओरडला.

"ये बाबा, ये! जावईबापूंची बोटं गळली तर लोर्ना मला घरात ठेवायची नाही!"

गाडीत त्याने हीटर लावला, त्यापुढे हात धरले. ऊब अंगात भिनली आणि त्याचे डोळे मिटले.

जाग आली तेव्हा काचा वाफेने धूसर झाल्या होत्या. त्याने बाहीने काच पुसली. आर्डिस नुसत्या शर्टावर होती. आपला कोट जमिनीवर पसरून, त्यावर मेंढी घालून ती ओढत शेडकडे चालली होती. मध्येच गुडघ्यावर पडत होती, पुन्हा उठत होती.

तो धावत गेला. ती शेवटची जिवंत मेंढी होती. कुंपणापाशी उरलेल्या आता हलत नव्हत्या.

"हाक का नाही मारलीत?"

"मारली होती," ती एवढंच म्हणाली.

रात्री जेवताना लोर्ना हळहळली, "आई, एवढं सगळं तू या वयात..."

"मी एकटी कुठे? डेस होता ना. बैलासारखा राबला."

लोर्नाने कौतुकाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. डेस्मंडने हातातला काटा खाली ठेवला.

"मी गाडीत झोपलो होतो," तो म्हणाला. "हीटर लावून."

पाठीवरचा हात निघाला. आर्डिसने मान वर केली नाही. बटाट्यांचं भांडं तेवढं त्याच्याकडे सरकवलं.

सकाळी लख्ख ऊन पडलं. मेलेल्या मेंढ्यांसाठी तो एकटाच खड्डा खणत होता. मागे आर्डिसचा खोकला ऐकू आला, पण त्याला वर बघवेना.

"अजून खोल खण," ती म्हणाली. "कोल्हे उकरतात."