ताई जिथं जिथं पडली

माझी ताई राष्ट्राध्यक्ष होण्याआधी इतक्यांदा पडली होती, की वर्तमानपत्रवाले तिला 'पडेलताई'च म्हणायचे. मला भयंकर राग यायचा. ती मात्र हसायची. म्हणायची, "अरे, पडायला आधी उभं राहावं लागतं. जे लिहितात त्यांना विचार, कितीदा उभे राहिलात?"

आमची लॉन्ड्री. मागं बॉयलर, मधे इस्त्रीची टेबलं, डोक्यावर दांडीला टांगलेले कोट आणि पुढं काउंटर. वडील गेले तेव्हा मी शाळेत होतो. ताईनं कॉलेज सोडलं आणि काउंटर सांभाळलं, आईनं इस्त्री. गिऱ्हाईक कपडे टाकायला यायचं आणि मन मोकळं करून जायचं. कुणाच्या सदऱ्यावर कसला डाग आहे ते ताईला ठाऊक असायचं, पण या कानाचं त्या कानाला कधी कळलं नाही. त्यामुळं लोक तिला अजूनच सांगायचे.

एका वर्षी आमच्या रस्त्याच्या नळाला तांबूस पाणी यायला लागलं. पांढरे कपडे धुतले की पिवळे निघायचे. ताई नगरसेवकाकडं तक्रार घेऊन गेली. तो खुर्चीत रेलून म्हणाला, "मग लोकांना रंगीत कपडे घालायला सांगा की."

ती घरी आली, हातपाय धुतले आणि म्हणाली, "आई, मी निवडणुकीला उभी राहतेय."

आई म्हणाली, "आधी जेवून घे."

ती पडली. थोडक्यात पडली, पण पडली. मला वाटलं, हौस फिटली. पुढच्या निवडणुकीत ती त्याच माणसासमोर पुन्हा उभी राहिली आणि त्याला सपशेल पाडलं. वर्षभरात रस्त्याखालचा जुना पाइप निघाला, नवा पडला. तो नगरसेवक नंतर आमच्याकडंच कपडे टाकायचा. सगळे पांढरे.

मग पक्षाची नजर तिच्यावर पडली. पक्षाचे सरचिटणीस स्वतः दुकानात आले. गोड बोलणारा माणूस, आयुष्यात एकही निवडणूक न लढवलेला. म्हणाले, "बाई, तुम्हाला संसदेचं तिकीट द्यायचं ठरलंय." तिकीट होतं लांबच्या, कोळशाच्या खाणींच्या भागातलं. तिथं आमच्या पक्षाला कुत्रं विचारत नव्हतं.

ते गेल्यावर मी म्हणालो, "ताई, तुला बळीचा बकरा करतायत."

"ते मलाही कळतं. पण बकऱ्याला तिकडची माणसं तरी भेटतील."

खाणींत तिला बायका भेटल्या. त्या म्हणाल्या, पाळी सुटल्यावर पुरुष गार पाण्यानं अंग धुतात, काजळी निघत नाही, तशीच घरी येते, पोरांच्या छातीत जाते. ताई म्हणाली, "काजळी गार पाण्याला दाद देतच नाही. ते मला विचारा." कंपनीकडून न्हाणीघराला बॉयलर बसवून घेईन, असा शब्द तिनं दिला. आणि मग ती पडली, दणकून.

दुसऱ्या आठवड्यात तिनं बॅग भरली.

"आता कुठं?" मी विचारलं.

"खाणींत. बॉयलरचं राहिलंय."

"अगं, तू हरलीस! हरलेल्या बाईला कोण विचारतं?"

"ज्यांनी मतं दिली, ते विचारतील. ती माणसं काही रद्द झाली नाहीत."

कंपनीच्या कचेरीबाहेर ती त्या बायकांबरोबर जाऊन बसली. साहेब आले की उठायची, साहेब गेले की बसायची. शेवटी साहेबच कंटाळले. बॉयलर बसला.

पुढच्या निवडणुकीत पक्षानं तिला बंदरावर पाठवलं. तिथंही पडली. तिथल्या कारखान्यातल्या मुलींची कामाची पाळी सुटायच्या आधीच खाडीपलीकडं, त्यांच्या घरांकडं जाणारी शेवटची होडी निघून जायची. निकालानंतर ताई होडीवाल्यांच्या दारोदार फिरली आणि होडी उशिरा सुटायला लागली. त्याच्या पुढच्या निवडणुकीत डोंगराळ भाग. तिथं तर डिपॉझिटही गेलं. सरचिटणिसांनी भर बैठकीत तिची चेष्टा केली, "बाई, तुम्ही आता पडण्यातल्या तज्ज्ञ."

डोंगरातल्या बंद दवाखान्यात डॉक्टर आणीन, असं ती बोलून बसली होती. ते काही केल्या जमेना. मंत्र्यांनी तिला दारातही उभं केलं नाही. तरी ती डोंगरात गेली. मी बरोबर होतो. दवाखान्याच्या पायरीवर उभी राहून म्हणाली, "मी शब्द दिला होता, तो मला पाळता आला नाही. मी कमी पडले. हे तोंडानं सांगायला आले."

मला वाटलं, आता दगड येतात. एक म्हातारा मेंढपाळ काठी टेकत पुढं आला. "बाई," तो म्हणाला, "जिंकलेले इथं परत फिरकत नाहीत. हरलेलं माणूस माफी मागायला आलं, हे आम्ही पहिल्यांदाच बघतोय. चला, जेवून जा."

येताना गाडीत ताई रडली. तिच्या इतक्या पराभवांत मी तिला तेवढं एकदाच रडताना पाहिलं.

त्यानंतर मात्र तिनं हट्टानं आमच्याच शहराचं तिकीट मागून घेतलं आणि निवडून आली. एकदा नाही, लागोपाठ तीनदा. संसदेत पहिल्या दिवसापासून तिनं डोंगरातल्या त्या दवाखान्याचा धोशा लावला. तिथं डॉक्टर रुजू झाला, तेव्हाच थांबली.

मग राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक आली. खुर्चीवर असलेले राष्ट्राध्यक्ष तीस वर्षांच्या राजकारणात एकदाही हरले नव्हते. आमच्या पक्षातल्या बड्या नेत्यांना अचानक गुडघेदुखी, पाठदुखी, घरची लग्नं आठवली. कुणी उभं राहायला तयार नाही. सरचिटणीस हसत म्हणाले, "पडायचंच आहे, तर सवय असलेलं माणूस बरं."

ताईनं अर्ज भरला.

मतमोजणीच्या सकाळी ती दुकानात आली. मी दुकान बंद ठेवणार होतो, तर आई ओरडली, "का? लोकांचे कपडे काय राष्ट्राध्यक्ष धुणार आहेत?" टीव्ही फडताळावर ठेवला. ताईनं बाह्या सरसावल्या आणि इस्त्री हातात घेतली.

आधी राजधानीचे आकडे आले. वाईट होते. मोठ्या शहरांचे आले, तेही वाईट. सरचिटणिसांचा फोन आला. "बाई, चांगली लढत दिलीत." फोन ठेवून ताई एवढंच म्हणाली, "दिलीत म्हणे. अजून देतेय की!" आणि कॉलर दाबायला लागली.

दुपारी खाणींचे आकडे सुरू झाले. निवेदक अडखळला. त्यानं कागद पुन्हा पाहिला. खाणींच्या भागात ताई पुढं होती, आणि थोडीथोडकी नाही. मग बंदर. तिथं तर पलीकडच्या काठावरची मतपेटी उघडली आणि समोरच्याची मतं बोटांवर मोजण्याइतकी निघाली. राजधानीतली पिछाडी भरून निघाली. मी सदऱ्यावर टेकवलेली इस्त्री तशीच राहिली, माझं लक्षच नव्हतं.

"ताई, बघ ना!"

"बघतेय. तुझा तो सदरा जळेल, इस्त्री उचल."

शेवटी डोंगर. जिथं तिचं डिपॉझिट गेलं होतं, तिथं दर दहा मतांतली नऊ तिची. निवेदक आता उभा राहून बोलत होता. म्हणाला, या बाई देशाच्या ज्या ज्या कोपऱ्यात हरल्या, त्या प्रत्येक कोपऱ्यानं आज त्यांना मत दिलंय.

फोन पुन्हा वाजला. सरचिटणीस. मी उचलला आणि आयुष्यातलं सगळ्यात गोड वाक्य बोललो, "ताई कामात आहे, नंतर करा."

आईनं चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "निवडून आली?"

"आली, आई! देशाची राष्ट्राध्यक्ष झाली!"

आईनं ताईचा चेहरा दोन्ही हातांत धरला. बाहेर रस्ता माणसांनी भरला होता. ताई दारात गेली तशी जी आरोळी उठली, तिनं दांडीवरचे कोट हलले.

शपथविधीच्या दिवशी मी तिच्या शेजारीच होतो. मावळते राष्ट्राध्यक्ष सभ्य माणूस. हात मिळवताना हळूच म्हणाले, "मला हरायची सवय नाही हो. उद्या सकाळी उठून काय करतात?"

ताई म्हणाली, "लाखो लोकांनी तुम्हाला मत दिलंय. त्यांच्याकडं जायचं." त्यांनी हात पुन्हा, जरा घट्ट, मिळवला.

ती पायऱ्या उतरून मैदानाकडं निघाली. पुढच्या रांगांत खाणींतल्या बायका होत्या, बंदरावरच्या मुली होत्या, डोंगरातली माणसं जाड घोंगड्या पांघरून आली होती. ती दिसताच सगळं मैदान उभं राहिलं. मीही बेंबीच्या देठापासून ओरडलो, शेजारच्या परदेशी पाहुण्यांची भीडभाड न ठेवता. माझा घसा असा बसला, की पुढचा आठवडाभर गिऱ्हाइकांशी मी खुणांनीच बोलत होतो.